बेसबॉल-रेफरन्स: १८९९च्या क्लीव्हलँड स्पायडर्सच्या कसोटीवर एका संकेतस्थळाचे परीक्षण

बेसबॉल-रेफरन्स हे अमेरिकन बेसबॉलच्या आकडेवारीचे संकेतस्थळ शॉन फोरमन यांनी २००० साली सुरू केले. १८७१पासूनच्या व्यावसायिक बेसबॉलची कोणतीही नोंद शोधायची झाली, तर आज बहुतेक अभ्यासक आधी तेथेच वळतात. अशा संकेतस्थळाचे परीक्षण करताना बेब रूथ किंवा जॅकी रॉबिन्सन यांसारख्या प्रख्यात खेळाडूंची पाने उघडण्यात फारसे हशील नाही, कारण ती पाने असंख्य जाणकारांच्या नजरेखालून गेलेली असतात आणि तेथे चूक राहण्याची शक्यता कमी असते. म्हणून मी या परीक्षणासाठी १८९९ सालच्या क्लीव्हलँड स्पायडर्स या संघाचा हंगाम निवडला. या संघाने १५४ सामन्यांपैकी २० जिंकले आणि १३४ गमावले, आणि मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलच्या, इतिहासात पूर्ण हंगाम खेळलेल्या दुसऱ्या कोणत्याही संघाच्या नावावर याहून वाईट हंगाम नाही. प्रश्न असा होता की, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आणि त्या काळी स्वतःच्या गावालाही नकोशा झालेल्या या हंगामाची नोंद हे संकेतस्थळ किती प्रामाणिकपणे ठेवते, आणि ती नोंद वाचून तो हंगाम तसा का झाला हे वाचकाला उमगते का.

क्रिकेटचे धावफलक वाचण्यात ज्यांची हयात गेली आहे, त्या मराठी वाचकाला हे संकेतस्थळ फार परके वाटत नाही. नऊ डावांचा सामना, प्रत्येक डावात दोन्ही संघांना फलंदाजीची एकेक पाळी, आणि तीन गडी बाद झाले की पाळी संपली, एवढे कळले तरी निम्मी पाने वाचता येतात. एक गोष्ट मात्र आधी समजून घ्यावी लागते. बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय किंवा पराभव संघाबरोबरच एका पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या, नावावरही लिहिला जातो. क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या नावापुढे बळी आणि धावा येतात, पण ‘हा सामना याने हरला’ असे कोणी लिहून ठेवत नाही. बेसबॉलमध्ये ठेवतात, आणि स्पायडर्सच्या पानावर या प्रथेची किंमत काही बिचाऱ्यांनी कायमची मोजली आहे.

संघाचे पान उघडल्यावर वरच्या भागात हंगामाचे सार येते: एकूण जय-पराजय, १२ संघांच्या नॅशनल लीगमधील शेवटचे स्थान, व्यवस्थापकांची नावे, मैदान आणि प्रेक्षकसंख्या. लाव्ह क्रॉस याच्या हाताखाली ८ विजय आणि ३० पराभव, आणि त्याच्यानंतर आलेल्या जो क्विन याच्या हाताखाली १२ विजय आणि १०४ पराभव अशी विभागणी तेथेच दिसते. केलेल्या धावा ५२९ आणि खाल्लेल्या धावा १२५२. म्हणजे सरासरी काढली तर हा संघ दर सामन्याला साडेतीनच्या आत धावा करत होता आणि आठाहून अधिक देत होता. केलेल्या आणि दिलेल्या धावांवरून अपेक्षित विजयांचा अंदाज बांधण्याचे एक सूत्र बेसबॉलच्या अभ्यासकांत रूढ आहे. ते येथे लावले तर साधारण पंचवीसच्या आसपास विजय निघतात. थोडक्यात, नशिबाने साथ दिली असती तरी चार-पाच सामने इकडचे तिकडे झाले असते, पण शेवटचे स्थान काही हलले नसते.

अग्रस्थानी असलेल्या ब्रुकलिनपासून हा संघ ८४ सामने मागे होता (विजयांतला आणि पराभवांतला फरक मिळवून निम्मे केले की हे अंतर निघते), हा आकडा बहुतेक ठिकाणी उद्धृत होतो. मला त्याहून बोलका वाटतो तो खालून दुसऱ्या असलेल्या वॉशिंग्टनशी असलेला फरक. वॉशिंग्टननेही त्या वर्षी ५४ सामने जिंकून ९८ गमावले, म्हणजे तोही संघ काही धड नव्हता, आणि तरीही क्लीव्हलँड त्याच्या ३५ सामने मागे राहिले. गुणतक्त्यात अकराव्या आणि बाराव्या क्रमांकांत एवढे अंतर पडते, तेव्हा बारावा संघ त्या स्पर्धेत खरोखर होता का, असाच प्रश्न पडतो.

संकेतस्थळाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे हंगामातील सामन्यांची तारीखवार यादी. प्रत्येक ओळीत प्रतिस्पर्धी, दोन्ही बाजूंच्या धावा, तोपर्यंतचे जय-पराजय, क्रमांक, अग्रस्थानापासूनचे अंतर आणि चालू असलेली जय किंवा पराभवाची मालिका दिलेली असते. ही मालिका अंकांऐवजी अधिक किंवा उणे चिन्हांच्या रांगेने दाखवली जाते. सलग तीन पराभव झाले की तीन उणे चिन्हे, दहा झाले की दहा. एखाद्या सामान्य संघाच्या यादीत हा रकाना कधी इकडे कधी तिकडे हलत राहतो. स्पायडर्सच्या यादीत ऑगस्टच्या अखेरीपासून उणे चिन्हे प्रत्येक ओळीत एकेकाने वाढत जातात आणि २४ सलग पराभवांपर्यंत पोहोचतात. मग सप्टेंबरच्या मध्यानंतर एकच अधिक चिन्ह येते, म्हणजे एक विजय, आणि त्यानंतर हंगाम संपेपर्यंत पुन्हा सलग १६ पराभव. शेवटच्या ४१ सामन्यांत ४० पराभव हे वाक्य आपण कोठेही वाचू शकतो, पण तो उण्यांचा उतरता जिना ओळीमागून ओळ वाचण्याचा परिणाम वेगळाच होतो. आकडेवारी मांडताना चिन्हाची अशी साधी निवड किती काम करून जाते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

याच यादीत आणखी एक गोष्ट लक्षात येते आणि ती माझ्या मते या हंगामाची खरी किल्ली आहे. सामना प्रतिस्पर्ध्याच्या गावी झाला असेल तर त्या ओळीत तसे चिन्ह असते. एप्रिल, मे आणि जूनमध्ये स्वतःच्या गावचे आणि बाहेरचे सामने मिसळलेले दिसतात, पण जुलैनंतर ते चिन्ह जवळपास प्रत्येक ओळीत येऊ लागते. हंगामाअखेर हिशेब असा निघतो: घरच्या मैदानावर ४२ सामने, त्यांत ९ विजय आणि ३३ पराभव, आणि परगावी ११२ सामने, त्यांत ११ विजय आणि १०१ पराभव. आजच्या वेळापत्रकात एका संघाला परगावी ८१ सामनेच खेळावे लागतात, त्यामुळे परगावच्या १०१ पराभवांचा विक्रम मोडणे आता कोणालाही शक्य नाही. पण एखादा संघ वर्षभर असा दारोदार का फिरतो? याचे उत्तर यादीत नाही. ते प्रेक्षकसंख्येच्या आकड्यात आहे, आणि तो आकडा वरच्या सारात मुकाट्याने पडून आहे: ६०८८.

हा एका सामन्याचा नव्हे, संपूर्ण हंगामाचा आकडा आहे. ४२ सामन्यांना मिळून सहा हजार प्रेक्षक, म्हणजे सामन्यामागे १४५. त्या काळी गल्ल्यातील वाटा पाहुण्या संघालाही मिळत असे, आणि रेल्वेने संघ घेऊन यायचे, खेळाडूंना हॉटेलात उतरवायचे आणि शेवटी वाट्याला येणार ती दीडशे तिकिटांतली वाटणी, हा व्यवहार इतर मालकांना परवडणारा नव्हता. त्यांनी क्लीव्हलँडला येण्याचे नाकारले आणि सामने त्यांच्या गावी हलवले गेले. वर्तमानपत्रांनी या संघाला भटके, परागंदा, टाकून दिलेले अशा अर्थांची नावे ठेवली. संकेतस्थळावर हे कारण लिहिलेले नाही, पण त्याचे दोन्ही पुरावे तेथे आहेत, आणि वाचकाने प्रेक्षकसंख्या आणि परगावच्या सामन्यांचे रकाने शेजारी ठेवून पाहिले तर निष्कर्ष आपोआप निघतो.

आता पिचरांच्या तक्त्याकडे वळू. जिम ह्यूई याच्या ओळीत ४ विजय आणि ३० पराभव आहेत. त्याच्या खाली चार्ली नेपर ४ आणि २२, फ्रँक बेट्स १ आणि १८, क्रेझी श्मिट २ आणि १७, हॅरी कॉलिफ्लॉवर १ आणि ११. या संकेतस्थळाच्या पद्धतीनुसार एखाद्या रकान्यात खेळाडू साऱ्या लीगमध्ये पहिला असेल तर त्याचा आकडा ठळक छापला जातो. ही सोय विजेत्यांसाठी केलेली असली तरी ती निःपक्षपातीपणे पराभवाच्या रकान्यालाही लागू होते. ह्यूईनंतर मेजर लीगमधील कोणत्याही पिचरने एका हंगामात ३० सामने गमावलेले नाहीत. १९०५ साली बॉस्टनच्या व्हिक विलिस याने २९ गमावले, तेथेच तो आकडा थांबला.

पण या ३० पराभवांचा दोष ह्यूईच्या माथी मारणे मला पटत नाही, आणि संकेतस्थळाच्या त्याच ओळीत त्याच्या बचावाचा पुरावाही सापडतो. त्याने २८० हून अधिक डाव टाकले आणि त्याची कमावलेल्या धावांची सरासरी, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळून नऊ डावांमागे दिलेल्या धावा, ५.४१ आहे. संपूर्ण संघाची हीच सरासरी ६.३७ आहे. तात्पर्य असे की, संघातील इतर बहुतेक पिचरांपेक्षा तो बराच सरस होता, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा उभे केले गेले, आणि पुन्हा पुन्हा उभे केले गेले म्हणूनच त्याच्या नावावर सर्वाधिक पराभव जमा झाले. जो खरोखर वाईट असतो त्याला कोणी ३० सामने हरण्याइतकी संधी देत नाही. फ्रँक बेट्सच्या वाट्याला १९च निकाल आले. ह्यूई मात्र शेवटपर्यंत राबला.

याच तक्त्याच्या तळाशी एडी कोल्ब याची ओळ आहे. एक सामना, तोही पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत स्वतःच टाकलेला, एक पराभव आणि सरासरी १०.१३. त्याच्या मेजर लीगमधील कारकिर्दीत याखेरीज दुसरे काहीही नाही. हा सामना १५ ऑक्टोबर १८९९ रोजी सिनसिनाटी येथे झाला. दिवसातील हा दुसरा सामना होता आणि हंगामातील अखेरचा. स्पायडर्स तो १९ विरुद्ध ३ धावांनी हरले. आठ डावांत १०.१३ ही सरासरी येण्यासाठी पिचरच्या नावावर ९ धावा पडाव्या लागतात, म्हणजे १९पैकी उरलेल्या १० धावा क्षेत्ररक्षणातील चुकांमुळे गेल्या असे ही एकच ओळ सांगते. ती काय सांगत नाही, तर कोल्ब हा एका हॉटेलमधील सिगारच्या दुकानावर बसणारा तरुण होता आणि हंगाम एवढा हाताबाहेर गेला होता की शेवटच्या सामन्यात त्याला चेंडू देऊन मोकळे होण्यात कोणालाही गैर वाटले नाही. तक्त्याच्या दृष्टीने कोल्ब आणि विक्रमवीर साय यंग हे सारखेच पिचर आहेत, दोघांनाही एकेक ओळ मिळते. ही समता मला आवडते, पण नवख्या वाचकाची तिने दिशाभूल होऊ शकते.

साय यंगचे नाव निघालेच आहे, तर आता या हंगामाच्या मुळाशी जाणे भाग आहे. ज्याने आपल्या कारकिर्दीत ५११ सामने जिंकले आणि ज्याच्या नावाने आज दरवर्षी सर्वोत्कृष्ट पिचरला पुरस्कार दिला जातो, तो यंग १८९० ते १८९८ अशी नऊ वर्षे याच क्लीव्हलँड संघात होता. स्पायडर्स हा काही रडतखडत चालणारा संघ नव्हता. १८९५ साली त्यांनी बलाढ्य बाल्टिमोरला हरवून टेंपल कप, म्हणजे लीगमधील पहिल्या दोन संघांत हंगामानंतर होणारी मालिका, जिंकला होता. त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी जेसी बर्केट याने .४०० च्या वर सरासरीने (म्हणजे दर दहा प्रयत्नांत चाराहून अधिक यशस्वी फटके) फलंदाजी केली, आणि यष्टिरक्षकासारखे स्थान सांभाळणारा झिमर, दुसऱ्या तळावरचा चाइल्ड्स, शॉर्टस्टॉपवरील (दुसऱ्या आणि तिसऱ्या तळांमधल्या जागेवरचा) मॅककीन आणि पुढे बॉबी वॉलेस यांच्यामुळे हा संघ वर्षानुवर्षे वरच्या निम्म्यात असे. १८९८ साली त्यांनी ८१ सामने जिंकून ६८ गमावले आणि पाचवे स्थान मिळवले.

मालक होते फ्रँक आणि स्टॅन्ली रॉबिसन हे बंधू. क्लीव्हलँडमधील ट्रामगाड्यांचा धंदा त्यांचा, आणि १८९१ साली लीग पार्क हे मैदान त्यांनी उभारले ते आपल्याच ट्रामच्या मार्गावर, म्हणजे प्रेक्षकाने तिकीटही त्यांचेच काढावे आणि गाडीभाडेही त्यांनाच द्यावे. हिशेबी माणसे होती. पण गावात रविवारी सामने खेळण्यास बंदी होती. १८९७ साली रविवारचा सामना खेळवून पाहिला तर पोलिसांनी खेळाडूंना ताब्यात घेतले. कष्टकरी प्रेक्षकाला सुट्टी रविवारचीच, त्यामुळे गल्ला भरेना. तिकडे सेंट लुईसमध्ये रविवारच्या सामन्यांना मोकळीक होती, शहर मोठे होते, आणि तेथील संघाचे मालक ख्रिस फॉन देर अहे हे १८९८च्या मैदानातील आगीनंतर कोर्टकचेऱ्यांत आणि कर्जात बुडाले होते. १८९९च्या आरंभी तो संघ लिलावात निघाला आणि अखेर रॉबिसन बंधूंच्या हाती आला. एका मालकाने एकाच लीगमधील दोन संघ बाळगण्यास त्या वेळी बंदी नव्हती. बाल्टिमोर आणि ब्रुकलिन यांच्यातही हाच प्रकार चालू होता, आणि ब्रुकलिनने त्या वर्षी अजिंक्यपद पटकावले त्यामागे बाल्टिमोरहून हलवलेले खेळाडू होते.

रॉबिसनांनी मग जे केले ते संकेतस्थळाच्या एका पानावर दिसत नाही, पण तीन पाने शेजारी ठेवली तर लख्ख दिसते. पहिले पान १८९८च्या क्लीव्हलँडचे, दुसरे १८९९च्या क्लीव्हलँडचे आणि तिसरे १८९९च्या सेंट लुईस परफेक्टोजचे. यंग, बर्केट, वॉलेस, चाइल्ड्स, मॅककीन, कपी, पॉवेल, क्रायगर आणि व्यवस्थापक टीबो ही सगळी नावे पहिल्या पानावरून उचलून तिसऱ्या पानावर गेलेली आहेत. दुसऱ्या पानावर उरले ते बहुतांशी सेंट लुईसने टाकलेले आणि इतरत्र जागा न मिळालेले खेळाडू. १८९८ साली सेंट लुईसने ३९ जिंकून १११ गमावले होते, आणि त्या तळाच्या संघातही जे नको होते त्यांच्या हाती क्लीव्हलँड सोपवले गेले. यंगसारख्या खेळाडूच्या पानावर त्याची बदली एका ओळीत नोंदलेली असते, आणि ती ओळ इतकी कोरडी आहे की त्या एका ओळीने एक शहर उजाड झाले हे कळण्यासाठी वाचकाला आधीच काही ठाऊक असावे लागते.

गंमत अशी की हा सगळा खटाटोप करूनही रॉबिसनांच्या पदरात काय पडले? १८९९ साली सेंट लुईसने ८४ सामने जिंकले, ६७ गमावले आणि पाचवे स्थान मिळवले. आदल्या वर्षी क्लीव्हलँडमध्ये असताना याच मंडळींनी ८१ जिंकून पाचवेच स्थान मिळवले होते. एक संघ मोडला, एक गाव तोडले, आणि गुणतक्त्यातील जागा तीच. मालकी आणि खेळ यांच्यातील गल्लतीवर कितीही लेख लिहिले तरी या दोन ओळींइतके ते परिणामकारक होणार नाहीत. या संकेतस्थळाची ताकद नेमकी येथे आहे: ते मत देत नाही, पण मत बनवण्यासाठी लागणारे सर्व काही शेजारी-शेजारी मांडता येईल अशा रीतीने देते.

हंगामाचा पहिला सामना १५ एप्रिल रोजी सेंट लुईसमध्ये झाला आणि तोही याच दोन संघांत. जुन्या क्लीव्हलँडने नव्या क्लीव्हलँडला १० विरुद्ध १ धावेने हरवले, आणि विजयी पिचर साय यंग होता. यादीतील पहिली ओळच पुढच्या १५३ ओळींचे भाकीत करून जाते. क्रॉस याने त्यातही काही सामने जिंकून दाखवले तर जूनमध्ये त्यालाही सेंट लुईसला नेण्यात आले, कारण तिसऱ्या तळावरचा तो उत्तम खेळाडू होता. त्याच्या जागी आलेला क्विन हा मूळचा ऑस्ट्रेलियातला. त्याचे पान उघडले तर जन्मस्थानाच्या रकान्यात ते दिसते. १२ आणि १०४ या आकड्यांमुळे त्याला अपयशी व्यवस्थापक ठरवणे म्हणजे रिकाम्या कोठारावर बसवलेल्या कारकुनाला धान्याच्या टंचाईबद्दल जबाब विचारण्यासारखे आहे.

फलंदाजांच्या तक्त्यात एक छोटी ओळ लुई सॉकलेक्सिस याची आहे. मेन राज्यातील पेनॉब्स्कॉट या मूळ अमेरिकन जमातीचा हा खेळाडू १८९७ साली .३३८ च्या सरासरीने खेळला होता आणि त्याच्यामुळे वर्तमानपत्रे संघाला इंडियन्स म्हणू लागली होती. १८९९ साली त्याचे अवघे ७ सामने आहेत. मे महिन्यात त्याला काढून टाकण्यात आले. उरलेल्या तक्त्यात पाहण्यासारखे फारसे नाही. साऱ्या संघाने मिळून वर्षभरात १२ होम रन मारले, पण त्या काळी कोणीच फार होम रन मारत नसे, त्यामुळे हा आकडा आजच्या मापाने मोजू नये. काही जुन्या खेळाडूंच्या नावांपुढे प्रश्नचिन्ह छापलेले आढळते. तो फलंदाज डाव्या हाताने खेळत असे की उजव्या, याची नोंद उपलब्ध नाही, असा त्याचा अर्थ. जेथे माहिती नाही तेथे ती नसल्याचे सांगून मोकळे होण्याची ही पद्धत मला फार भावली.

आकड्यांच्या विश्वासार्हतेबद्दल एक उदाहरण देतो. बर्केट याने १८९९ साली सेंट लुईसकडून .४०२ सरासरी राखली, म्हणजे तीन वेळा .४०० ओलांडली, असे जुन्या संदर्भग्रंथांत अनेक दशके छापले जात होते. नव्या संशोधनानंतर ती सरासरी .३९६ ठरली, आणि बेसबॉल-रेफरन्सवर .३९६ हाच आकडा आहे. लोकप्रिय विक्रम पुसला जात असला तरी दुरुस्ती स्वीकारण्याची ही तयारी कोणत्याही संदर्भसाधनात असायलाच हवी. मात्र त्यामुळे जुन्या पुस्तकांशी आणि लेखांशी आकडे जुळले नाहीत तर वाचकाने गोंधळून जाऊ नये.

वापराच्या सोयीबाबत थोडक्यात सांगायचे तर पाने वेगाने उघडतात, रकान्याच्या शीर्षकावर टिचकी मारली की तक्ता त्या क्रमाने लागतो, आणि शीर्षकावर माउस नेला की संक्षेपाचा अर्थ दिसतो. तक्ता स्प्रेडशीटमध्ये उतरवून घेण्याची सोय आहे आणि ती विनामूल्य आहे. सगळा मजकूर इंग्रजीत आहे. रकाने एवढे आहेत की मोबाइलवर तक्ता आडवा सरकवत वाचावा लागतो, त्यामुळे तारीखवार यादी तरी संगणकावरच पाहावी असे माझे मत आहे. पानांवर जाहिराती असतात. पैसे भरून त्या घालवता येतात.

या संकेतस्थळाला तोलामोलाची जोड आहे ती रेट्रोशीटची. डेव्हिड स्मिथ यांनी १९८९ साली सुरू केलेला हा स्वयंसेवकांचा उपक्रम जुन्या सामन्यांचे तपशील गोळा करून विनामूल्य देतो, आणि बेसबॉल-रेफरन्सवरील बरीच माहितीही त्याच कष्टांवर उभी आहे. रेट्रोशीटची पाने दिसायला साधी, जवळजवळ रुक्ष आहेत. तारखांचा आणि सामन्यांचा काटेकोर शोध घेणाऱ्याला ती पुरेशी आहेत, पण ह्यूईच्या ओळीवरून त्याच्या पानावर, तेथून त्याच्या पुढच्या वर्षाच्या संघावर आणि तेथून त्या वर्षाच्या गुणतक्त्यावर असे भटकायचे असेल तर बेसबॉल-रेफरन्सच बरे. १९०० सालच्या गुणतक्त्यावर असे भटकत गेलेल्या वाचकाला एक धक्का बसतो: १२ ऐवजी ८च संघ. क्लीव्हलँड, बाल्टिमोर, लुईव्हिल आणि वॉशिंग्टन हे चार संघ नॅशनल लीगने बंद करून टाकले होते. क्लीव्हलँडला पुन्हा मेजर लीगचा संघ मिळाला तो १९०१ साली, नव्याने उभ्या राहिलेल्या अमेरिकन लीगमध्ये. तोच संघ आज गार्डियन्स या नावाने खेळतो. संकेतस्थळ या दोन संघांची पाने पूर्णपणे वेगळी ठेवते, आणि ते योग्यच आहे, कारण गाव सोडले तर त्यांच्यात सलग असे काही नाही.

स्टॅटहेड नावाची सशुल्क शोधसेवा याच कंपनीची आहे. ‘एका हंगामात सर्वाधिक पराभव झालेले पिचर’ किंवा ‘सर्वांत लांब पराभवमालिका’ असे प्रश्न विचारून याद्या काढणाऱ्यांसाठी ती आहे. १८९९च्या हंगामासारखा एखादाच विषय धरून वाचणाऱ्याला तिच्यासाठी पैसे मोजण्याची गरज नाही. या परीक्षणात दिलेल्या आकड्यांपैकी बहुतेक सगळे विनामूल्य पानांवरून मिळण्याजोगे आहेत. हंगामामागची माणसे, मालकांचे व्यवहार आणि कोल्बच्या सिगारच्या दुकानासारख्या कथा यांसाठी मात्र बेसबॉलच्या इतिहासावरील लेखनाचा आधार घ्यावाच लागेल. सुरुवात करायची असल्यास १८९९च्या क्लीव्हलँडचे पान आधी उघडू नये. १८९८च्या क्लीव्हलँडचे उघडावे, त्यातील पहिल्या आठ-दहा नावांवर खूण करावी, आणि मग ती नावे १८९९ साली कोणत्या पानावर आहेत ते शोधावे.